जिन्यावर कोण झोपायचं

भिला, तुझ्या गंधमुक्तीला मी माईकवर बोललो नाही. समाजाच्या मंडळींनी पुन्हा पुन्हा नाव पुकारलं, "भिलाभाऊंचे जुने जोडीदार उखाभाऊ आता दोन शब्द बोलतील." मी खुर्चीवरून उठलो नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला दुःख आवरेना. तसं काही नव्हतं. दुःख येईल म्हणून मी वाट बघत होतो, ते आलंच नाही. तुझ्या रवीच्या कपाळाला गंध लागलं, सोयऱ्यांनी त्याच्या डोक्यावर टोप्या घातल्या, खांद्यावर टॉवेल टाकले, सुतक फिटलं. मग पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. मी नेहमीइतकंच खाल्लं. भाजीत मीठ कमी होतं, तेही कळलं. म्हणजे जीभ जागेवर होती. बाकीचं कुठं गेलं होतं कोण जाणे.

माईकवर बोलणारे बोलले. तू शांत स्वभावाचा होतास म्हणे. शांत! मी शेजारच्याला म्हणालो, "हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत." तो मोठ्यानं माझ्या कानात ओरडला, "भिलाभाऊबद्दलच बोलताहेत, काका!" यंत्रमागांच्या खडखडाटात आपले कान गेले ते गेले. आता मी काहीही म्हटलं तरी लोक ते माझ्या कानांवर ढकलतात.

तेव्हा जे बोलायचं ते तुझ्याशीच. चौथी शिकलेला माणूस आहे, अक्षर वाकडं येतं. तुला चालवून घ्यावं लागेल. तुझं याहून वाकडं होतं.

आपल्यात भांडणं काय कमी झाली? पण सगळी मिटली. तू माझ्या पोरीच्या लग्नात रुसून मांडवाबाहेर बसलास, ते मिटलं. तापीचं पाणी आपल्या गावाकडून येतं म्हणून तिच्यात राख टाकली की माणूस गावी जातो, असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, अरे येड्या, पाणी गावाकडून इकडं येतं, इकडून तिकडं जात नाही. तेही मिटलं, म्हणजे तू ऐकलं नाहीस आणि मी सोडून दिलं. परवा रवीनं तुला तापीतच सोडलं. पाणी समुद्राकडंच गेलं, मी पाहिलं.

एकच राहिलं. जिन्याचं.

नव्यानं सुरतेत आलो तेव्हाची गोष्ट. जुन्या शहरात त्या शेठच्या हवेलीत मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर, आपल्याला अर्धी खोली मिळाली होती. अर्ध्यात धुळ्याकडचे दोघं भाऊ, अर्ध्यात तू आणि मी. दोघांत गोधडी एकच. माझी दिवसपाळी असली की तुझी रातपाळी. मी उठायचो, तू पडायचास. आपण एकमेकांना भेटायचो ते गल्लीच्या तोंडाशी, मी जाताना आणि तू येताना. तेवढ्यात सगळं बोलून व्हायचं. "भाजी झाकून ठेवलीय." "शेठची म्हातारी मोटी बा चिडलीय, नळाशी जाऊ नको." "ढेकूण आज डाव्या कडेला आहेत." लोकांची दोस्ती कट्ट्यावर होते, आपली चालता चालता झाली.

थंडीत तू गोधडी घडी न करता तशीच ठेवायचास. मी रोज शिव्या घालायचो, आळशी आहेस म्हणून. तू आळशी नव्हतास. मी येईपर्यंत आत ऊब राहावी म्हणून तू तसं करायचास. हे मला तेव्हाच कळलं होतं. बोललो कधीच नाही, कारण बोललो असतो तर तू घडी करून ठेवायला लागला असतास. तुझा स्वभाव तसा.

आठवड्याला लाइटची सुट्टी असायची. त्या दिवशी माग बंद, दोघंही खोलीवर, आणि गोधडी एक. तेव्हा एकानं जिन्यावर झोपायचं. आता तो एक कोण, हे भांडण. तू म्हणायचास तू, मी म्हणायचो मी. लिंबायतेत घरं बांधली, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, तरी तुझ्या ओट्यावर बसलो की चहाबरोबर हे निघायचंच. तू तुझी पाठ दाखवायचास, "ही बघ, पायऱ्यांनी वाकलीय." मी म्हणायचो, "ती मिरवून वाकलीय."

आणि शेवटी त्या दिवशी. तू खाटेवर होतास, पंखा फिरत होता, सुमन वहिनी चमच्यानं पेज भरवत होत्या. तू हात वर करून त्यांना थांबवलंस आणि माझ्याकडं बघितलंस. आवाज असा की मला कान तोंडाशी न्यावा लागला.

"आते तरी कबूल कर, उख्या. जिन्यावर मी झोपायचो."

मी म्हटलं, "नही."

तुझं तोंड एका बाजूला गेलं. हसलास की रागावलास, मला कळलं नाही. मग तू पेजेसाठी तोंड उघडलंस. मी घरी आलो. पहाटे रवीचा फोन आला.

मयताच्या दिवशी सगळे पांगल्यावर मी निघालो तेव्हा वहिनी दाराशी म्हणाल्या, "भाऊजी, जाणाऱ्या माणसाला हो म्हटलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?"

मी चपला शोधत होतो, शोधतच राहिलो.

तेव्हापासून हेच एक डोक्यात. बाकी सगळं बधिर, हे तेवढं जागं. मी खोटं का बोलू? मरणाऱ्या माणसाशी तर नाहीच नाही. जिन्यावर मी झोपायचो हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत. मग मी नाही म्हणालो ते बरोबरच. पण वहिनींचं वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं. आमची कमल म्हणाली, "जेवताना तरी पुटपुटू नका." म्हटलं, जाऊन बघूनच येतो. जिना बोलत नाही, पण जिना खोटंही बोलत नाही.

तुला आठवत असेल, ती हवेली आता म्युझियम झालीय हे रवीनंच सांगितलं होतं. सवाऱ्या सोडायला जातो ना तो तिकडं. तू लगेच उठलास, "चल उख्या, जिन्यावरच फैसला करू." मी आलो नाही. म्हटलं, आपल्याच खोलीत तिकीट काढून जायचं? मी काय माकड आहे? तू म्हणालास, "माकड नसशील तर घाबरतो कशाला?" त्यावर आपण दोन दिवस बोललो नाही. मग ते राहून गेलं.

तर या रविवारी रवीला म्हटलं, घेऊन चल. तो रिक्षा घेऊन दाराशी आला. डोक्यावर खुंट उगवलेत, मिशी नाही. मिशी काढल्यावर तो तुझ्यासारखा दिसत नाही, वहिनींसारखा दिसतो. वाटेत सिग्नलला मागं वळून म्हणाला, "काका, पप्पा ना, मला रोज बोलायचे. मी उठायला लेट केलं की चालूच. 'तुझा बाप जिन्यावर झोपला म्हणून तू पंख्याखाली लोळतो.' मी बोलायचो, बस करा ना पप्पा, किती वेळा तेच." मग सिग्नल सुटला. पुढं तो हॉर्न वाजवायला लागला, समोर कुणी नसताना.

हवेलीपाशी रिक्षा लावू देत नाहीत. तो म्हणाला, "तुम्ही जाऊन या, मी वळून उभा राहतो. नीट बघा काका. पप्पांचं खरं होतं ते."

भिला, मी पहिल्यांदा पुढच्या दारानं गेलो. आपण तिथं राहिलो आणि पुढचं दार कधी आतून पाहिलं नाही. आपलं मागचं, बोळातलं. पुढच्या दाराला लाकडाचे पोपट कोरलेत, एकेकाच्या चोचीत फळ. मी आपल्या सवयीनं चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला. आत गेलो तर मागून एक अख्खं कुटुंब चपला काढून, उंबऱ्याला हात लावून आत. आजी, सून, जाडा मुलगा, सगळे. टेबलाशी बसलेली पोरगी ओरडली, "अरे, आ मंदिर नथी! चंपल पहेरी लो!" आजीबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तो आ भाईए केम काढ्या?" का काढल्या ते मी काय सांगणार? म्हटलं, "माझं घर होतं." त्यांना मराठी कळलं नाही. त्यांनी मला हात जोडले. पुजारीच समजल्या असतील.

पोरगी म्हणाली, म्हाताऱ्यांना तिकीट नाही. मी म्हटलं, आम्ही इथं भाडं भरून राहिलोय, फुकट नको. ती हसली आणि तिकीट फाडून दिलं. तू असतास तर म्हणाला असतास, याला मोफत मिळालं तरी दुखतं.

खालच्या खोल्या बघितल्या. चौकात पितळी कड्यांचा झोपाळा, त्याला दोरी लावून ठेवलीय, कुणी बसू नये म्हणून. भिंतीवर पगडीवाल्यांचे फोटो. मोटी बाचाही आहे, तरुणपणीचा. नाक तेच. तिच्याखाली उभा राहिलो तर मला अजून वाटलं, आता म्हणेल, "पाछळ जाओ." पाणियाऱ्यावर हंडे मांडलेत, रिकामे. तिथं आपली सावली पडली तरी ती ओरडायची. आता कुणीही हात लावून बघतं.

मग मागचा जिना. पोरगीला म्हटलं, "वर जायचंय. मैं इधर रहता था." ती म्हणाली, "शेठनी फॅमिलीमांथी छो?" मी माझ्या धोतराकडं बघितलं, तिनंही बघितलं. म्हटलं, "नाही. पाठीमागच्या फॅमिलीतला." तिला काही उमगलं नाही, पण ती दिवा लावून माझ्याबरोबर आली.

भिला, तो जिना तू बघायला पाहिजे होतास. जिना कसला, शिडी. लाकडी, उभा, धरायला वरून दोर सोडलेला. तो दोर मला आठवत होता, हाताला लगेच सापडला. पण पायरी! पाऊल सरळ बसत नाही. टाच बाहेर राहते, म्हणून आडवं ठेवून चढावं लागतं. दोन्ही खांदे भिंतींना घासतात. मी मध्यावर गेलो आणि खाली बसलो. गुडघे हनुवटीला टेकले. मागं रेललो तर एक पायरी मानेत, एक मणक्यात. सरकलो तर घसरलोच खाली.

पोरगी घाबरली. "काका, दादर पर बेसवानी मनाई छे."

म्हटलं, "बसत नाहीये बाई. झोपून बघतोय."

ती पळत जाऊन पाणी घेऊन आली. मी विचारलं, हा जिना नवा बसवलाय का? जुना रुंद होता ना? ती म्हणाली, "ना काका, बधुं असल छे. फक्त पॉलिश कर्युं छे." मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. मी पायरीवरून हात फिरवला. मधोमध खोलगट झिजलीय. आपल्यासारख्यांच्या पायांनीच झिजली असणार. नवी नव्हती.

या जिन्यावर माणूस झोपूच शकत नाही. मांजरसुद्धा नाही. तरणा असो की म्हातारा, गाठोड्यासारखा केला तरी नाही.

मला तर त्या जिन्यावर झोपलेलं चांगलं आठवतं. वर बघितलं की चांदणं दिसायचं, हेही आठवतं. मी वर बघितलं. जिन्याला खिडकीच नाही. वर फळीचं झाकण आहे, ते लावलं की काळोख.

पाणी पिऊन खोलीत गेलो. धान्याच्या मोठ्या बरण्या ठेवल्यात तिथं. पाटी आहे, गुजरातीत. पोरगीनं वाचून दाखवली, शेठच्या घरचं धान्य ठेवायची खोली. आधी तेच असेल, नंतर आपण. आपलं नाव नाही, बरंच झालं. आपण काय बरणी आहोत? पण खोली एवढीशी, भिला. त्या भिंतीला धुळ्याचे भाऊ, त्यांच्या पायथ्याशी स्टोव्ह, या भिंतीला आपली गोधडी, मध्ये पाऊल ठेवायला वाट. खाली चौकात झोपायची सोय नाही, मोटी बानं उचलून फेकलं असतं. बोळात गटार. जिन्यावर तर हे असं. मग सुट्टीच्या दिवशी दुसरा माणूस गेला कुठं?

कुठंच गेला नाही.

बरणीजवळ उभा होतो आणि मला एक टाच आठवली. भेगा पडलेली, गार, माझ्या बरगडीत रुतणारी. तुझं डोकं त्या टोकाला, माझं या टोकाला, तुझे पाय माझ्या तोंडाशी, माझे तुझ्या. मी टाच ढकलायचो, तू परत आणायचास. तुझ्या पायाला मागाच्या तेलाचा वास. गोधडी दोघांना पुरायची नाही, मग ओढाओढ. पलीकडून धुळ्याचा थोरला म्हणायचा, "नवरा-बायको, झोपा रे आता!" हे मला गेल्या इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. तिथं उभं राहिल्यावर टाच आधी आठवली आणि मग बाकीचं.

म्हणजे कुणीच कुणाला जागा दिली नाही. कुणीच सोसलं नाही. दोघं एका गोधडीत घोरत होतो.

मग जिना आला कुठून? मी परत येताना विचार केला. सुरुवात तू केलीस. सुमन वहिनी नव्या नव्या सुरतेला आल्या, आमची कमलही आलेली, दोघी ओट्यावर बसल्या होत्या, आणि तू वहिनींना सांगायला लागलास, याच्यासाठी मी जिन्यावर झोपायचो. नव्या बायकोसमोर छाती फुगवून. मग मी काय गप्प बसू? माझी बायको ऐकत होती. मी म्हटलं, खोटं, जिन्यावर मी झोपायचो. तिथून सुरू झालं. बोलून बोलून तुझी पाठ वाकली आणि मला चांदणं दिसायला लागलं.

हे कळल्यावर मला काहीतरी व्हायला पाहिजे होतं. रडू नाही तर हसू तरी. काही झालं नाही. मी दोर धरून आडव्या पावलांनी खाली उतरलो, पोरगीला पेला परत दिला. तिनं विचारलं, "मजा आवी, काका?" मी म्हटलं, हो. दाराशी ते कुटुंब झोपाळ्याचा फोटो काढत होतं. आजीबाईंनी मला पुन्हा हात जोडले. मी चपला घातल्या.

एक हिशेब मात्र लागला. तू मला कबूल कर म्हणालास आणि मी नाही म्हणालो. ते खरंच निघालं. तू जिन्यावर झोपत नव्हतास. तू मरताना मी तुझ्याशी खोटं बोललो नाही. पण तू उलटून विचारलं असतंस, 'मग काय तू झोपायचास?', तर मी हो म्हणालो असतो, छातीवर हात ठेवून. तू विचारलं नाहीस. पेज प्यायलास. तेवढं तू मला वाचवलंस, तुला माहीत नसताना.

रवी कोपऱ्यावर उभा होता, रिक्षाला टेकून. मला बघून त्यानं हातातला चहा तसाच खाली ओतला. मी बसलो. तो पुढं बसला नाही, माझ्या बाजूलाच उभा राहिला, वरच्या दांडीला धरून.

"बघितला, काका?"

"बघितला."

"मग? पप्पांचं खरं होतं ना?"

मला वाटलं होतं, खरं सांगावं. दोघंही फेकत होतो, हे सांगितलं असतं तर तो हसलाही असता. पण त्याच्याकडं बघितलं तर तो हसण्यासारखा दिसत नव्हता. मिशी नसल्यानं ओठ उघडे पडलेत त्याचे. बापानं त्याला दुसरं काय सांगून ठेवलं होतं? पंखा, लोळणं आणि जिना.

मी म्हटलं, "हो. तुझाच बाप झोपायचा."

"जिन्यावर?"

"जिन्यावर."

त्यानं लगेच फोन लावला, माझ्यासमोरच. "मम्मी, काका हो बोलले. अगं हो, स्वतःच्या तोंडानं. पप्पाच झोपायचे." पलीकडून वहिनी काय म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही. त्यानं फोन खिशात ठेवला, रिक्षा सुरू केली आणि घरापर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही.

तर भिला, गल्लीत आता तू जिंकलास. वहिनी चार घरी सांगतील, समाजाची माणसं पुढच्या कुणाच्या गंधमुक्तीला माईकवर सांगतील. सांगू देत. मी मान हलवीन. पण ते त्यांच्यापुरतं. त्यांना मी हो म्हटलंय. तुला म्हटलेलं नाही. तुला आजही विचारशील तर नहीच.